चार्टर स्कूल शोधताय? आधी राज्याचा कायदा बघा (न्यू जर्सीत नव्याने येणाऱ्यांसाठी)

आपल्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपवर उन्हाळा आला की एक प्रश्न हमखास पडतो. "आम्ही ऑगस्टमध्ये येतोय, मुलगी तिसरीत जाईल, चार्टर स्कूल कशी असते, अ‍ॅडमिशन मिळेल का?" लगेच टेक्ससमधला डॅलसवाला कुणीतरी सांगतो की फॉर्म भरा, दोन-तीन गावं सोडून राहिलात तरी चालतं, कॅलिफोर्नियाच्या बे एरियावाली म्हणते राज्यात कुठेही राहा काही फरक पडत नाही, आणि जर्सी सिटीचे काका म्हणतात गावात घर नसेल तर नादाला लागू नका. गंमत म्हणजे तिघंही बरोबर असतात, फक्त आपापल्या राज्यापुरते. चार्टर स्कूलचा कायदा राज्याराज्यात वेगळा आहे, त्यामुळे दुसऱ्या राज्यातला अनुभव इकडे धड लागू पडतच नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय, मुख्यतः न्यू जर्सीसाठी, आणि मध्ये मध्ये टेक्सस-कॅलिफोर्निया, कारण आपली मंडळी तिकडेही भरपूर आहेत आणि बदली कधी होईल सांगता येत नाही.

आधी थोडक्यात, ही शाळा म्हणजे काय. आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखं डोळ्यासमोर आणा: पैसा सरकारचा, चालवणारी संस्था वेगळी. फी नाही, डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोटा नाही, वशिला तर नाहीच नाही. फरक असा की संस्थेला ठरावीक वर्षांचा परवाना मिळतो, त्यालाच चार्टर म्हणतात, आणि कबूल केलेलं काम झालं नाही तर तो परवाना परत जातो, शाळा बंद होते. ही कल्पना कायद्यात सगळ्यात आधी आणली मिनेसोटाने १९९१ मध्ये, १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाने, आणि पुढे एकेक करत बहुतेक राज्यांनी. सगळ्यांनी नाही हां. नेब्रास्का, साऊथ डकोटा, व्हर्माँट इथे असा कायदाच नाही, तिकडे नोकरी लागली असेल तर हा लेख इथेच सोडा.

पायरी १: जी शाळा बघताय ती खरंच चार्टर आहे का ते तपासा

इथे नव्या लोकांचा फार गोंधळ होतो. एडिसनची मिडलसेक्स काउंटी अ‍ॅकॅडमी किंवा हॅकेनसॅकची बर्गन काउंटी अ‍ॅकॅडमीज, ज्यांची नावं आपल्या लोकांच्या तोंडी सतत असतात, त्या चार्टर नाहीत, त्या काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) व्होकेशनल-टेक्निकल हायस्कूल आहेत आणि तिथे परीक्षा वगैरे घेऊन निवड होते. जर्सी सिटीचं मॅकनेअर हायस्कूल हे डिस्ट्रिक्टचं (डिस्ट्रिक्ट म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा आणि तिची हद्द) मॅग्नेट, म्हणजे निवड करून मुलं घेणारी खास शाळा. चार्टरला यातलं काही चालत नाही, ते खाली सांगतो.

दुसरा गोंधळ नावाचा. बेसिस हे नाव टेक्ससमध्ये आणि अ‍ॅरिझोनात चार्टर स्कूलचं आहे, फुकट, लॉटरीने. पण सिलिकॉन व्हॅलीत किंवा न्यूयॉर्कमध्ये त्याच नावापुढे इंडिपेंडंट लागतं आणि ती सरळ सरळ प्रायव्हेट शाळा असते, भक्कम फीवाली. ऑस्टिनच्या मित्राचं ऐकून मॅनहॅटनमध्ये चौकशी केली की फीचा आकडा ऐकून घाम फुटतो.

न्यू जर्सीत खात्री करायला सोपं आहे, राज्याच्या शिक्षण खात्याच्या वेबसाईटवर मान्यता असलेल्या सगळ्या चार्टर स्कूलची यादी असते, त्यात नाव नसेल तर ती चार्टर नाही, विषय संपला.

पायरी २: परवाना कोण देतं ते समजून घ्या

हे कंटाळवाणं वाटेल पण पुढे कटकट झाली तर दार कुणाचं ठोठवायचं ते यावरनंच ठरतं.

न्यू जर्सीचा कायदा १९९५ चा, म्हणजे नावात १९९५, सही झाली जानेवारी १९९६ ला, आणि पहिल्या शाळा १९९७ मध्ये उघडल्या, प्रिन्स्टन चार्टर स्कूल त्यातलीच. इथे परवाना देणारा एकच माणूस, राज्याचा कमिशनर ऑफ एज्युकेशन. गावच्या स्कूल बोर्डाकडे अर्जाची कॉपी जाते, ते आपलं मत कळवतात, पण शेवटचा शब्द कमिशनरचा. पहिला परवाना ४ वर्षांचा, मग रिन्युअल ५ वर्षांचं.

टेक्ससमध्ये पण कमिशनरच देतो, पण तिथे वर स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशन बसलंय आणि त्यांना व्हेटो आहे, आणि ते तो वापरतातही. शिवाय राज्यभरात किती परवाने द्यायचे याला मर्यादा आहे, ३०५. (परवाने ३०५, शाळा नव्हे, एका परवान्यावर डझनावारी शाळा चालतात.) कॅलिफोर्नियात मात्र अर्ज मुळात लोकल डिस्ट्रिक्टकडे जातो, त्यांनी नाकारला तर काउंटीकडे अपील. आणि २०१९ च्या सुधारणेनंतर डिस्ट्रिक्टला असंही म्हणता येतं की नवीन चार्टरमुळे आमचं आर्थिक कंबरडं मोडेल म्हणून नको.

हे पैशाचं भांडण काय आहे ते कळलं की गावातल्या अर्ध्या वादाचा उलगडा होतो. न्यू जर्सीत मूल चार्टरला गेलं की त्याच्यामागे डिस्ट्रिक्टच्या बजेटमधून पैसे जातात, ढोबळ मानाने त्या मुलावर कायद्याच्या हिशोबाने धरलेल्या रकमेच्या ९० टक्के. आता डिस्ट्रिक्टचं म्हणणं असं की प्रत्येक वर्गातून दोन-दोन मुलं गेली तरी शिक्षक, बस, हीटिंग तेवढंच लागतं, पैसे मात्र गेले. चार्टरवाले म्हणतात आम्हाला शंभरातले नव्वदच मिळतात आणि बिल्डिंगचं भाडं त्यातनंच. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. प्रकरणं राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलीत: २००० साली एंगलवूडच्या केसमध्ये कोर्टाने कायदा वैध ठरवला पण कमिशनरला सांगितलं की नव्या शाळेमुळे डिस्ट्रिक्टमध्ये वंशाच्या आधारावर मुलांची विभागणी तर होत नाही ना हे बघायलाच लागेल, आणि २०२१ मध्ये नेवार्कच्या शाळांच्या विस्ताराच्या केसमध्ये विस्ताराची मंजुरी कायम ठेवली. तेव्हा पेरेंट मीटिंगला शेजारी बसलेला माणूस चार्टरचं नाव काढल्यावर एकदम गप्प झाला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच्या शाळेचा म्युझिक टीचर गेल्या वर्षी कमी झालेला असू शकतो.

पायरी ३: लीज साईन करायच्या आधी "कुठे" चा नियम बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच लोक शेवटी करतात. यात दोन वेगळे प्रश्न आहेत, शाळा कुठे असू शकते आणि मुलं कुठून येऊ शकतात, ते एकत्र करू नका.

कॅलिफोर्नियात बंधन शाळेवर आहे. ज्या डिस्ट्रिक्टने परवाना दिला त्याच्याच हद्दीत शाळेची जागा पाहिजे. पूर्वी काही लांबची छोटी डिस्ट्रिक्ट परवाने द्यायची आणि शाळेची सेंटर भलत्याच गावात चालायची, २०१६ मध्ये कोर्टाने आणि मग २०१९ च्या कायद्याने ते बरंचसं बंद पडलं. मुलांवर मात्र तसं बंधन नाही, राज्यातलं कुठलंही मूल अर्ज करू शकतं, फक्त जागा कमी पडल्या तर त्या डिस्ट्रिक्टच्या मुलांना झुकतं माप.

टेक्ससमध्ये उलट, तिथे परवान्यातच लिहिलेलं असतं की कुठल्या कुठल्या डिस्ट्रिक्टमधली मुलं घेणार, त्याला जिओग्राफिक बाउंड्री म्हणतात. ही हद्द चांगली मोठी असू शकते, डॅलसजवळचं प्लेनो-फ्रिस्को-अ‍ॅलन सगळं एकात, म्हणून डॅलसवाला म्हणतो ना की गाव सोडून राहिलं तरी चालतं. पण तुमचा डिस्ट्रिक्ट यादीत नसेल तर काहीही करा, उपयोग नाही. (झिप कोडवरनं डिस्ट्रिक्ट ओळखायला जाऊ नका, तिकडे एका झिपमध्ये दोन-तीन डिस्ट्रिक्ट असतात, घराचा पत्ता टाकून बघा.)

न्यू जर्सीत प्रत्येक चार्टरचा एक डिस्ट्रिक्ट किंवा काही डिस्ट्रिक्ट मिळून एक रीजन ठरलेला असतो. तिथे राहणाऱ्या मुलांना आधी जागा, त्यातून उरल्या तरच बाहेरच्यांना. कागदावर बाहेरचे पण येऊ शकतात, प्रत्यक्षात जर्सी सिटी-होबोकेनच्या मागणीवाल्या शाळांमध्ये वेटिंग लिस्ट गावातल्यांचीच संपत नाही. म्हणजे जर्सी सिटीतल्या न्यूपोर्टला घर घेतलं आणि होबोकेनची चार्टर मनात धरली तर ती धरून बसूच नका, एका स्टेशनचं अंतर आहे पण डिस्ट्रिक्ट दुसरा. शाळेच्या ऑफिसला इमेल करून नेमकं एवढंच विचारा: तुमचा रेसिडेन्स रीजन कोणता, आणि गेल्या वर्षी या ग्रेडला रीजनच्या बाहेरचं मूल घेतलं होतं का. उत्तर एका ओळीत येतं आणि लीजच्या निर्णयाला पुरेसं असतं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. एडिसन, वेस्ट विंडसर, साऊथ ब्रन्सविकसारख्या ठिकाणी घर घेणार असाल तर चार्टरसाठी जिवाचा आटापिटा करायची गरज नाही, डिस्ट्रिक्टच्या शाळा बघा आणि निवांत राहा. जर्सी सिटी, होबोकेन, नेवार्क इकडे मात्र पर्याय म्हणून नक्की फॉर्म भरा.

पायरी ४: बिल्डिंग बघून या

न्यू जर्सीच्या कायद्यात एक मजेशीर गोष्ट आहे. चार्टरला फेडरल सोडून बाकी सार्वजनिक पैशातून नवीन इमारत बांधता येत नाही. जागा चालते कुठलीही, जुनी पब्लिक स्कूलची बिल्डिंग, सरकारी इमारत, दुसरी कुठली योग्य जागा, आणि शाळांच्या इमारतीचे बाकीचे नियम त्यांना माफ आहेत, मुलांच्या आरोग्य आणि सुरक्षिततेचे सोडून. याचा परिणाम तुम्हाला दारातच दिसतो: चर्चच्या जुन्या शाळेत, ऑफिस बिल्डिंगच्या मजल्यावर शाळा भरतेय, जिम आणि कॅफेटेरिया एकच हॉल, सव्वाअकराला टेबलं घडी करून भिंतीला लावतात की झाली जिम. शिकवणं उत्तम असू शकतं, पण तुमचं मूल दिवसभर पळणारं असेल तर रिसेसला ती मुलं जातात कुठे हे ओपन हाऊसला विचाराच. थंडीत कुठे जातात तेही.

कॅलिफोर्नियात २००० साली मतदानाने पास झालेल्या प्रॉपोझिशन ३९ मुळे डिस्ट्रिक्टने चार्टरला आपल्या शाळांच्या तोडीची जागा द्यायची असते, डिस्ट्रिक्टमधली निदान ८० मुलं असतील तर. त्यावरनं होणारी भांडणं बघायची तर लॉस आल्टोसची बुलिस चार्टर आठवा, २०११ मध्ये कोर्टाने डिस्ट्रिक्टच्या विरोधात निकाल दिला होता, मैदानाचे स्क्वेअर फूट मोजण्यापर्यंत गोष्ट गेली होती. टेक्ससमध्ये २०२३ ला नवा कायदा आला की झोनिंग (कुठल्या जागेत काय बांधता येतं याचे शहराचे नियम), परमिट, फी या बाबतीत शहरांनी चार्टरला डिस्ट्रिक्टच्या शाळेसारखंच वागवायचं, त्याआधी काही शहरं झोनिंगवरनंच शाळा अडवायची.

पायरी ५: फॉर्म आणि लॉटरी

बहुतेक शाळा पुढच्या सप्टेंबरसाठीचे फॉर्म आदल्या वर्षीच्या शेवटी शेवटी उघडतात आणि लॉटरी हिवाळ्यात काढतात. तारीख प्रत्येक शाळेची वेगळी, साईटवर बघा, अंदाजावर राहू नका. नेवार्कमध्ये नेवार्क एनरोल्स नावाची एकत्र सिस्टीम आहे, एकाच फॉर्मवर शाळा पसंतीक्रमाने टाकायच्या, पण तुमची चार्टर त्यात आहे का ते आधी शाळेला विचारा. जर्सी सिटीत शाळेगणिक फॉर्म भरायचे.

मार्क, परीक्षा, इंग्रजी येतं की नाही, अपंगत्व, यावरनं न्यू जर्सीची चार्टर भेदभाव करू शकत नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की चिठ्ठ्या, एवढंच. मुलाचे ऑलिंपियाडचे मेडल जोडून पाठवू नका, कुणी बघत नाही. भावंड आधीच शाळेत असेल तर प्राधान्य मिळतं, म्हणून दोन मुलं असतील तर ज्याच्या ग्रेडला जागा जास्त (बहुधा केजी) त्याचा फॉर्म आधी मनापासून भरा, एकदा तो आत गेला की दुसऱ्याचा नंबर वर सरकतो. जुळी असतील तर दोघांना एक धरतात का वेगवेगळं, ते शाळेला विचारा.

टेक्ससला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिथे शाळेच्या परवान्यात तशी तरतूद असेल तर शिस्तभंगाचा लेखी रेकॉर्ड असलेल्या मुलाला चार्टर नाकारू शकते. न्यू जर्सीत हा प्रकार नाही.

लॉटरी लागली की कागद लागतात ते असे: लीज आणि एक-दोन युटिलिटी बिलं, मुलाचा जन्मदाखला (महापालिकेचा मराठी असेल तर इंग्रजी प्रत काढूनच निघा, इथून मागवायला जीव जातो), लसींचं रेकॉर्ड, आधीच्या शाळेचा दाखला. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला असलं काही नाही. व्हिसा कोणता, एच-फोर का अजून काही, हे विचारायचा शाळेला अधिकार नाही, पब्लिक स्कूल म्हणून चार्टरलाही तेच लागू. सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून अडवत असतील तर शांतपणे सांगा की तो आवश्यक नाही. लसींच्या फाईलमध्ये आपल्या डॉक्टरांचं अक्षर आणि शिक्के बघून नर्स गोंधळते, त्यामुळे इथल्या पीडियाट्रिशियनकडून आधीच फॉर्मवर उतरवून घ्या.

आणि तो होम लँग्वेज सर्व्हे. घरात कुठली भाषा बोलता? बरेच जण घाबरून इंग्लिश लिहितात, मुलाला इएसएलमध्ये (इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या जादा वर्गात) टाकतील म्हणून. लिहा मराठी. मग मुलाची एक इंग्रजीची चाचणी होईल, इंग्रजी मिडियमचं मूल बहुधा पास होऊन सुटतं, आणि नाहीच झालं तर त्याला जादा मदत मिळते, कुठे शिक्का बसत नाही.

पायरी ६: आत गेल्यावर काय मिळतं

न्यू जर्सीत चार्टरच्या शिक्षकांना राज्याचं सर्टिफिकेट लागतंच. टेक्ससमध्ये साधारण पदवी पुरते, स्पेशल एज्युकेशन आणि बायलिंग्वलचे शिक्षक सोडून. म्हणून टेक्ससमध्ये टूरला शिक्षक किती वर्षांपासून आहेत हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

बसचं: न्यू जर्सीत चार्टरच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्या मुलांची सोय डिस्ट्रिक्टने आपल्या मुलांसारखीच करायची, म्हणजे आठवीपर्यंत घर शाळेपासून २ मैलांपेक्षा लांब, हायस्कूलला अडीच. त्याच्या आत असाल तर बस विसरा. बाहेरच्या डिस्ट्रिक्टमधून येणाऱ्यांचं गणित वेगळं, ते आधी लेखी विचारून घ्या.

मुलाला आयईपी (विशेष गरज असलेल्या मुलासाठी शाळेने लेखी बनवलेला शिक्षणाचा प्लॅन) असेल तर चार्टरला "आमच्याकडे सोय नाही" म्हणता येत नाही, फेडरल कायदा त्यांनाही आहे. आणि मुलाची गरज इतकी असेल की खास प्रायव्हेट शाळेतच ठेवावं लागतंय, तर त्याचा खर्च राहत्या डिस्ट्रिक्टवर येतो.

धर्माचं पण लोक विचारतात, मुख्यतः ईस्ट ब्रन्सविकच्या हतिक्वा शाळेमुळे, कारण तिथे हिब्रू शिकवतात. ती भाषा आहे, धर्मशिक्षण नाही, आणि प्रवेश सगळ्यांना. होबोकेनच्या होला या चार्टरमध्ये स्पॅनिश आहे तसंच. खरोखरची धार्मिक चार्टर काढायचा प्रयत्न ओक्लाहोमात झाला होता, तिथल्या सुप्रीम कोर्टाने अडवला आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ४ विरुद्ध ४ झाल्यामुळे खालचा निकाल तसाच राहिला.

नाही आवडली शाळा तर? न्यू जर्सीत मूल कधीही काढता येतं, वर्षाच्या मधेही, आणि डिस्ट्रिक्टला त्याला घ्यावंच लागतं.

पायरी ७: रिन्युअलची तारीख आणि तक्रारीचा रस्ता

शाळा निवडताना परवाना कधी संपतोय ते बघा. ४ वर्षांच्या पहिल्या परवान्याचं शेवटचं वर्ष चालू असलेली नवी शाळा आणि दोन-तीनदा रिन्यू झालेली शाळा यात जोखमीचा फरक आहे. शाळेला प्रोबेशनवर ठेवलंय का हेही विचारा. टेक्ससमध्ये सलग ३ वर्षं अभ्यासाच्या किंवा पैशाच्या रेटिंगमध्ये नापास झाली की परवाना जातोच, तिथे कमिशनरच्या हातातही फारसं राहत नाही.

न्यू जर्सीच्या चार्टरचं बोर्ड ऑफ ट्रस्टीज पब्लिक बॉडी मानलं जातं, मीटिंग सगळ्यांना खुल्या, मिनिट्स (मीटिंगचा लेखी वृत्तांत) साईटवर असतात. फॉर्म भरायच्या आधी गेल्या काही महिन्यांची मिनिट्स चाळा, प्रिन्सिपल किती वेळा बदलले, लीज संपतेय का, कुणाचे राजीनामे आले, ब्रोशरमध्ये नसलेलं सगळं तिथे असतं.

आणि काही बिनसलं तर क्रम असा. आधी टीचर आणि प्रिन्सिपल. मग ग्रीव्हन्स कमिटी, कायद्याने प्रत्येक चार्टरमध्ये पालक आणि शिक्षक मिळून अशी कमिटी असायलाच लागते, तिचा सल्ला बंधनकारक नसतो पण कागदावर येतो. मग बोर्डाकडे लेखी तक्रार, कायद्यातल्या कुठल्या गोष्टीचं उल्लंघन झालंय ते स्पष्ट लिहून. बोर्डाने धड दखल घेतली नाही तर कमिशनरकडे. गावच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जाऊन माईकवर बोलून काही होत नाही, ते नुसते मान डोलावतात, कारण ती शाळा त्यांची नाहीच. इमेल करताना तारखा घाला, फोनवर झालेलं बोलणंही त्याच दिवशी इमेलने कळवून टाका.